खेळ + शिक्षण : लेकीला अमेरिकेत पाठवायचंय, पण स्कॉलरशिप मिळाल्यानंतरचं कोण सांगेल?

बेसलाइनवाला
नमस्कार मंडळी. लेक यंदा दहावी झाली. टेनिस खेळते. राज्यात बऱ्यापैकी, देशात मधल्या फळीत. परवा एका स्पर्धेत एक गृहस्थ कार्ड घेऊन आले. त्यांची संस्था अमेरिकेतल्या कॉलेजांत 'हमखास' स्कॉलरशिप मिळवून देते म्हणे. फी साडेतीन लाख, निम्मी आगाऊ.

स्कॉलरशिप कशी मिळवावी यावर यूट्यूबवर ढिगाने आहे. मला त्याच्या पुढचं विचारायचंय. पोरगी तिकडे पोचल्यावर खेळ आणि अभ्यास दोन्ही ओढताना नेमकं कुठे अडतं? आपण इथे बसून कशात मदत करायची आणि कशात नाक खुपसायचं नाही? ज्यांची मुलं गेलीत किंवा जे स्वतः गेले होते त्यांनी सविस्तर लिहा. बाकीच्यांनीही लिहा, पण जरा बेताने.

पाणकोंबडा
खुर्ची पकडली आहे. चहा सांगा.

निवांत_नाना
बाकीच्यांतला पहिला मीच. दहावीला किती टक्के ते गुलदस्त्यात ठेवलंत, त्यातच सगळं आलं. टेनिसच्या जिवावर डिग्री आणि डिग्रीच्या जिवावर टेनिस, दोन्ही अर्धवट. आमच्या सोसायटीतला एक मुलगा असाच गेला. आता बँकेत आहे.

बेसलाइनवाला
नाना, ८१ टक्के. आणि बँकेत असणं हा गुन्हा कधीपासून झाला? :)

डॅलसचा_दादा
हमखास म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. देणारा असतो कोच. एजंटच्या हातात काही नसतं. प्रत्येक कॉलेजच्या खेळाच्या वेबसाइटवर कोचचा ईमेल उघड असतो. बहुतेक खेळांत दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून कोच मुलांना थेट उत्तर देऊ शकतात, म्हणजे तुमच्या लेकीची वेळ आत्ताच सुरू होते आहे. टेनिसमध्ये कोच आधी यूटीआर (खेळाडूच्या दर्जाचा जागतिक आकडा) बघतात, मग व्हिडिओ. तोही हायलाइट्सचा नको. एक अख्खा सेट, हरलेला असला तरी चालेल.

थोडी पार्श्वभूमी. एनसीएए म्हणजे तिकडच्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, तिचे तीन विभाग. डिव्हिजन १ आणि २ मध्ये खेळाची स्कॉलरशिप असते, ३ मध्ये नसते. आयव्ही लीग (हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरे) डिव्हिजन १ मध्येच खेळते, पण खेळासाठी एक डॉलर देत नाही. त्याशिवाय एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आहेत, तिथेही पैसे मिळतात. आपल्याकडे सगळ्यांना डिव्हिजन १ च हवं असतं, जसं सगळ्यांना कम्प्युटरच हवं असतं.

आणि २०२५ पासून खेळच बदललाय. 'हाउस' नावाच्या खटल्यातल्या समझोत्यानंतर मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे वाटू शकतात. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि त्यातला बराचसा फुटबॉल-बास्केटबॉल खाणार. समझोत्यात सामील झालेल्या कॉलेजांत स्कॉलरशिपच्या संख्येवरची मर्यादा गेली आणि संघातल्या डोक्यांवर आली. टेनिसला १०. ऐकायला बरं वाटतं. पण पैसा तिकडे वळला की बारक्या खेळांवर कुऱ्हाड येते. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली कॉलेजाने २०२५ मध्ये पोहण्याचा संघच बंद केला. तेव्हा कॉलेज निवडताना 'संघ बंद झाला तरी मी इथे शिकेन का?' हे तिने स्वतःला विचारावं.

गोड्या_पाण्यातली
दादांना अनुमोदन. मी पोहण्याच्या स्कॉलरशिपवर गेले होते, मिडवेस्टमध्ये. कॉलेजचं नाव लिहीत नाही. विचारलंय तेवढंच सांगते, मिळाल्यानंतरचं.

नियम असा की सीझनमध्ये आठवड्याला २० तास सराव आणि एक दिवस सुट्टी. कागदावर. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरतात. बसचा प्रवास त्यात नाही. फिजिओकडे बर्फात पाय घालून बसलेला वेळ नाही. 'ऐच्छिक' वेटट्रेनिंगही नाही, आणि ऐच्छिकला न येणाऱ्या मुलीकडे कोच कसं बघतो ते मी बघितलंय. पहाटे साडेपाचला पाण्यात, आठला वर्गात, केस ओलेच, बाहेर उणे पंधरा. केसांचा कडकड आवाज यायचा.

इथे परदेशी मुलामुलींना एक जादा गाठ बसते, ती कोणी आधी सांगत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट्स लागतात, आणि त्यात ऑनलाइन कोर्स एकच धरतात. माझ्या अमेरिकन मैत्रिणी सीझनमध्ये दोन-तीन विषय ऑनलाइन घेऊन मोकळ्या व्हायच्या. मला वर्गात बसणं भाग. केमिस्ट्रीची लॅब दुपारी दोन ते पाच, सराव तीनला. कोच म्हणाला लॅब पुढच्या सेमिस्टरला ढकल. पुढच्या सेमिस्टरलाही सराव तीनलाच होता.

एखादा विषय डोक्यावरून गेला म्हणून सोडून द्यावा, तर क्रेडिट्स १२ च्या खाली जातात. मग खेळण्याची पात्रता आणि व्हिसा दोन्ही एकदम धोक्यात. विषय सोडायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसच्या दारात उभं राहायचं, नंतर नाही. शिवाय दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा ४० टक्के भाग पूर्ण लागतो, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ८०. म्हणून 'आधी जाऊ दे, मेजर (डिग्रीचा मुख्य विषय) नंतर बघू' हे खेळाडूला परवडत नाही.

चांगलंही लिहिते, नाहीतर नाना खूश होतील. ट्यूटर फुकट. पहिल्या वर्षाला सक्तीची स्टडी हॉल, तिचा मला तेव्हा वैताग यायचा, पण पास झाले ते तिच्यामुळेच. स्पर्धेला गेलं की परीक्षा हॉटेलच्या खोलीत कोणाच्या तरी देखरेखीखाली. आपल्याकडे राष्ट्रीय स्पर्धेहून परतल्यावर प्रॅक्टिकलसाठी ज्यांनी कॉलेजात जोडे झिजवलेत त्यांना विचारा याची किंमत.

पाणकोंबडा
केसांचा कडकड आवाज!! चहा गार झाला वाचता वाचता.

मेतकूटप्रेमी
जेवणाचं काय? आमचा भाचा शाकाहारी आहे, बहीण त्याच काळजीत.

गोड्या_पाण्यातली
@मेतकूटप्रेमी, डायनिंग हॉलमध्ये राजमा, पनीर नाही पण टोफू, अंडी चालत असतील तर प्रश्नच नाही. खरी अडचण सुट्ट्यांत. थँक्सगिव्हिंगला आणि नाताळात होस्टेल आणि मेस बंद होतात, पोहणाऱ्यांचं सगळ्यात खडतर ट्रेनिंग मात्र नेमकं तेव्हाच. अमेरिकन मुली गाडी काढून घरी जाऊन येतात. तेव्हा कुठे राहणार, काय खाणार हे ऑगस्टमध्येच विचारून ठेवा. बहिणीला सांगा, कुकर द्या. मेतकूटही द्या, आयडीला जागा.

पेठेतली_काकू
भाताशी मेतकूट म्हणजे औषधच. पण तूप तिकडचं नको, त्याला वास नाही.

टेक्सासची_तूपवाली
काकू, बिनमिठाचं बटर आणून कढवा, मंद आचेवर. मग बोला. :)

(यापुढचे तूपविषयक अकरा प्रतिसाद पाककृती विभागात हलवले आहेत. – संपादक)

आकडेमोड
तुपातून बाहेर आला असाल तर पैशाचं. 'फुल राइड' (सगळा खर्च देणारी स्कॉलरशिप) मिळाली म्हणून पेढे वाटणाऱ्या पालकांना पहिल्याच सेमिस्टरला कॉलेजचं बिल येतं आणि ते गोंधळतात. कारण ट्यूशन, फी आणि लागणारी पुस्तकं करमुक्त, पण राहण्या-जेवणाची स्कॉलरशिप करपात्र. एफ-१ वाल्यांचा त्यावर १४ टक्के कर आधीच कापतात, आणि तिच्या हातात रोख काहीच नसल्यामुळे ती रक्कम तिच्या खात्यावर येणं म्हणून चढते. पहिल्या वर्षी ही रक्कम बाजूला ठेवाच.

पुढच्या वर्षी १०४०-एनआर हा कर-विवरणाचा फॉर्म भरायचा, सोबत ८८४३ नंबरचा फॉर्म. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. एफ-१ वरच्या इतर बहुतेक देशांच्या मुलांना ते मिळत नाही. त्यामुळे कापलेला बराच कर परत येऊ शकतो. संघातली स्पॅनिश रूममेट ज्या पद्धतीने फॉर्म भरते तसा भरू नका, आणि फुकटातल्या नेहमीच्या सॉफ्टवेअरवर तर नकोच, ती रहिवाशांसाठी असतात.

दुसरं, एनआयएल. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवू शकतात. संघातल्या मुली इन्स्टावर बुटांचं पाकीट उघडून डॉलर कमावतील. एफ-१ वर तिकडे बसून असं काम म्हणजे विनापरवाना नोकरी ठरू शकते. इंटरनॅशनल ऑफिसच्या लेखी उत्तराशिवाय 'एक रील तर आहे' असं म्हणत करू नका.

टॉपस्पिन
सगळे कागदांवर बोलताहेत, मूळ मुद्दा राहतोय. तिला प्रोफेशनल व्हायचं असेल तर चार वर्षं कॉलेजात का घालवायची? पुण्याचाच मानस धामणे इटलीत ट्रेनिंग घेतोय. त्या वयात युरोपात सामने खेळायला हवेत.

डॅलसचा_दादा
त्या दर्जाची मुलं देशात किती हो? धागाकर्ते स्वतःच 'मधली फळी' म्हणताहेत. आणि कॉलेज केलं म्हणजे संपलं हे कोणी सांगितलं? सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएए एकेरी जिंकला आणि मग प्रो झाला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम मधून खेळून परत आली आणि हांगझोऊ आशियाई स्पर्धेत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटचा. बेन शेल्टन, कॅमेरॉन नॉरी, डॅनिएल कॉलिन्स हे सगळे कॉलेजवालेच.

टॉपस्पिन
तुम्ही पोचलेल्यांचीच नावं घेताय. न पोचलेल्यांची यादी लांब असेल.

डॅलसचा_दादा
तुमच्या रस्त्यावरच्या न पोचलेल्यांची यादी त्याहून लांब, आणि त्यांच्या हातात डिग्रीही नाही.

निवांत_नाना
हे मात्र पटलं. (लिहून ठेवा, तारीख टाकून.)

चुन्याची_रेघ
अ‍ॅथलेटिक्सवाल्यांसाठी एक. परदेशी गेलेल्या मुलाचं इथल्या संघटनेशी कॅलेंडर जुळत नाही. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा. २०२२ मध्ये एनसीएए उंच उडी जिंकला, पण त्यामुळे इथली आंतरराज्य स्पर्धा हुकली आणि राष्ट्रकुलच्या संघात नाव आलं नाही. दिल्ली हायकोर्टात जावं लागलं. उशिरा बर्मिंगहॅमला पोचला आणि २.२२ मीटर मारून ब्राँझ घेऊन आला. राष्ट्रकुलमध्ये उंच उडीतलं भारताचं पहिलं पदक.

म्हणून सांगतो, पालकांचं इथलं खरं काम हे. संघटनेची नोंदणी चालू ठेवणं, निवड चाचणीच्या तारखा कोचला महिनोन् महिने आधी कळवणं, सूट हवी तर अर्ज वेळेत देऊन पोच घेणं. पोच घेणं अधोरेखित. 'साहेबांशी बोललोय' याला काही अर्थ नसतो.

आई_आहे_मी
नेहमीचा आयडी वापरत नाही, मुलगी इथे वाचते.

तिच्या गुडघ्याचं लिगामेंट दुसऱ्या वर्षी गेलं. फोनवर म्हणाली, 'जरा दुखतंय.' ऑपरेशनची तारीख ठरल्यावर कळलं. मी घाबरून ट्रेनरला फोन केला, तर तो अगदी नम्रपणे म्हणाला, मुलीच्या लेखी संमतीशिवाय बोलू शकत नाही. मार्कांचंही तसंच. अठरा वर्षांची झाली की कॉलेज आई-बापाला काही सांगत नाही, फी तुम्ही भरत असलात तरी. जायच्या आधी बसून बोला आणि तिची इच्छा असेल तर संमतीचे फॉर्म पहिल्याच आठवड्यात भरून घ्या.

कोचने एकदाही घालूनपाडून बोललं नाही. पण प्रवासाच्या यादीतून नाव गेलं, संघाच्या ग्रुपवर तिला उद्देशून काही येईनासं झालं. ती खोलीतच बसायची. आम्ही रोज फोन करायचो आणि रोज विचारायचो, 'गुडघा कसा आहे?' एक दिवस ओरडली, 'गुडघ्याशीच बोला तुम्ही.' त्यानंतर तिचा बाबा तिला फक्त कॉलनीतल्या कुत्र्याच्या भानगडी सांगायचा. ती हसायची. बहुधा तेच कामी आलं. समुपदेशकाकडे ती स्वतःहून गेली, कॉलेजात ती सोय फुकट होती.

आता बरी आहे, खेळतेय. पैशांचं तेवढं नीट वाचा. कराराच्या मुदतीत दुखापतीचं कारण देऊन स्कॉलरशिप कमी करता येत नाही, पण मुदत एका वर्षाची आहे की जास्त ते सहीच्या आधी बघा. ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ च्या कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा खर्च कॉलेज सुटल्यावरही दोन वर्षं करावा लागतो. हे मला कोणी आपणहून सांगितलं नाही. डिव्हिजन २ किंवा इतर कुठे जात असेल तर विम्यात खेळातली दुखापत धरली आहे का, हे लेखी विचारा.

पेठेतली_काकू
बाई गं. कुत्र्याच्या भानगडी वाचून डोळ्यात पाणी आलं आणि हसूही.

माझा नातू स्क्वॉश खेळतो. स्क्वॉश एनसीएएत नाही, त्यांची वेगळी संघटना. तो गेला तिथे खेळाचे पैसे नाहीत, पण घरच्या उत्पन्नावर मदत मिळते. कोचने प्रवेश समितीकडे शब्द टाकला, एवढाच खेळाचा उपयोग. प्रिन्स्टन, हार्वर्ड, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांचाही अर्ज पैशाची ऐपत न बघता वाचतात आणि मग गरजेपुरतं सगळं देतात. बाकी ठिकाणी ऐपत बघतात. तेव्हा ८१ टक्क्यांना जरा वर ढकला हो.

फळा_खडू
ज्युनियर कॉलेजात शिकवतो. धागा दुखापतीपर्यंत गेला, पण धागाकर्त्यांना ज्यात या महिन्यातच निर्णय घ्यायचाय ते कोणी बोललं नाही.

अकरावीला काय घेताय? खेळाडू मुलं दहावीनंतर सरसकट आर्ट्स नाहीतर गणित सोडून कॉमर्स घेतात, सरावाला वेळ मिळावा म्हणून. एनसीएए नववीपासूनचे १६ मुख्य विषय मोजते. त्यात चार वर्षं इंग्रजी, तीन वर्षं गणित, दोन विज्ञान, दोन समाजशास्त्र, बाकी यांतलेच जास्तीचे किंवा परकीय भाषेसारखे. नववी-दहावीचं गणित दोन वर्षं झालं, तिसरं अकरावीतच. कॉमर्स घ्या, पण गणितासकट. पीटी, आयटी, एनसीसी हे त्यात येत नाही, आणि आपले खेळाडूंचे सवलतीचे गुणही तिथे उपयोगाचे नाहीत. या मुख्य विषयांची सरासरी डिव्हिजन १ ला ४ पैकी किमान २.३ लागते. ८१ वाल्या मुलीला ते जड नाही. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढली, कॉलेज स्वतः मागू शकतं.

आणि सर्वांत मोठा खड्डा. आपल्याकडे सर्रास सल्ला देतात, 'यंदा स्पर्धा आहेत, बारावी पुढच्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून देऊ.' तसं करू नका. नववीपासून चार वर्षांत शाळा संपली पाहिजे, तिकडे घड्याळ तेव्हापासून चालू असतं. बारावीनंतरही स्पर्धा खेळत बसलं तर टेनिसवाल्यांचं कॉलेजमधलं वर्ष कमी होऊ शकतं. नववी आणि अकरावीच्या शाळेच्या गुणपत्रिका शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. दोन वर्षांनी आमचं ऑफिस त्या शोधेल यावर विसंबू नका. आमचं ऑफिस मला माहीत आहे.

बेसलाइनवाला
फळा_खडू सर, साष्टांग. आम्ही गणित सोडणारच होतो. उद्याच पसंतीक्रम बदलतो. तो साडेतीन लाखवाला परत आला तर त्याला 'अकरावीला कुठले विषय घ्यावेत' एवढंच विचारणार आहे.

कोचना मेल मी लिहायला घेतली आहे, मसुदा इथे टाकू का? जरा तपासाल?

गोड्या_पाण्यातली
टाकू नका, आणि लिहूही नका. तिला लिहू दे. माझ्या बाबांनी माझ्या नावाने लिहिलेल्या ईमेल कोचने मला नंतर वाचून दाखवल्या होत्या. 'आय बेग टू स्टेट' असं कुठली सतरा वर्षांची मुलगी लिहिते? व्याकरण चुकलं तरी चालेल. व्हिडिओ कॉलवरही तुम्ही खोलीत नकोत.

बेसलाइनवाला
'रिस्पेक्टेड सर' पर्यंत लिहून झालं होतं. खोडतो.

रांगडा_गडी
कोल्हापूरकर हजर. टेनिस, पोहणं, स्क्वॉश झालं. आमच्या कुस्तीचं, बॅडमिंटनचं काय?

डॅलसचा_दादा
बॅडमिंटन, टेबल टेनिस, क्रिकेट, कबड्डी हे एनसीएएचे खेळ नाहीत, क्लब म्हणून खेळतात, स्कॉलरशिप विसरा. कुस्ती आहे, पण फोकस्टाइल, म्हणजे तिकडच्या कॉलेजांची वेगळी पद्धत. खाली दाबून ठेवण्यालाही गुण मिळतात. आपल्या फ्रीस्टाइलवाल्याला वर्षभर सवय करावी लागेल. मुलींच्या कुस्तीला २०२६ पासून अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा मिळाली, तिथे जागा नव्याने निघताहेत. आणि तुमच्या कोल्हापूरसाठी खास : रायफल नेमबाजी आहे, मुलं-मुली एकाच संघात. वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी वगैरे तगडे. पिस्तूल मात्र त्यात नाही.

रांगडा_गडी
आयला, हे म्हाईतच नव्हतं. पुतणी दहा मीटर रायफलच मारती. नववीला हाय आता.

फळा_खडू
मग गणित सोडू देऊ नका.

रांगडा_गडी
सर, गणितातच तिचा नेम चुकतोय. :(